अठ्ठावन्न किलोंचा कोपरा

५ फूट ४ इंच, ५८ किलो, उजवा कोपरा, वय १८. चिपळूण तालुक्यातल्या कुठल्याही कबड्डी मंडळात असा एक पोरगा सापडतोच. गावच्या सामन्यांत तो सगळ्यांचा लाडका असतो. निवड चाचणीला गेला की कागदावर उंची-वजन लिहिणारा माणूस एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा कागदाकडे, आणि पुढच्याला हाक मारतो.

अशाच एका पोरावरून सावर्ड्यात एका मामा-भाचीची जुंपली आणि मी मधे न पडता ऐकत बसलो. मामा मुंबईत एका कंपनीच्या संघातून उजवा कोपरा सांभाळून निवृत्त झालेले, आता गावात पोरं घडवतात. भाची पुण्यात असते. एका व्यावसायिक संघासाठी सामन्यांच्या चित्रफिती बघून नोंदी करणं हे तिचं काम. नव्या पोरांची नावं पुढे धाडायची मुभा तिला आहे. जुना माणूस जिगरीची बाजू घेईल आणि लॅपटॉपवाली पोरगी मापं काढेल, अशी माझी अटकळ होती. ती पाचच मिनिटांत कोसळली.

थोडी पार्श्वभूमी. प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. वर्तमानपत्रांत गाजतो तो लिलाव: पवन सेहरावत २०२३ मध्ये २ कोटी ६० लाखांच्या वर गेला, आणि बचावपटू सुनील कुमारसाठी यू मुम्बाने २०२४ मध्ये १ कोटीहून जास्त मोजले. पण लिलावाच्या आधी एक लहान दार असतं. संघ चाचण्या घेऊन, वयोगटाच्या स्पर्धा बघून नवी तरुण पोरं थेट करारावर घेतात. त्या पोरांवर बोली लागत नाही, टीव्हीवर त्यांचं नाव झळकत नाही. आपला अठ्ठावन्न किलोंचा कोपरा आत गेला तर त्याच दारातून जाणार.

मामा : पोरगा चांगला आहे हे मला सांगू नको गो. पाचवीत असल्यापासून बघतोय मी त्याला. मी एवढंच म्हणतोय, यंदा त्याचं नाव धाडू नको.

भाची : उंचीमुळे?

मामा : उंचीचं मागाहून. आधी वजन बघ. पुरुषांच्या खुल्या गटात मर्यादा ८५ किलोंची. म्हणजे समोरून येणारा ऐंशीच्या आतबाहेर असणारच. फरक किती झाला? सिमेंटची अर्धी गोण. ती गोण घोट्याला बांधून ह्या पोरानं तीस सेकंद उभं राहायचं, आणि गोण पळत असणार.

भाची : पण मर्यादा वरची आहे, मामा. खालून कुणी रेघ मारलेली नाही. कुस्तीत, बॉक्सिंगमध्ये गट पाडलेत. कबड्डीत ५८ चा ८५ च्या समोर उभा राहू शकतो, हीच या खेळाची गंमत आहे.

मामा : नियम उभं राहू देतो. चढाईपटू देत नाही. आणि तू त्याचे कुठले सामने बघितलेस? वजनी गटातले आणि कुमार गटातले. वजनी गटाच्या सामन्याला पोरं कशी येतात ठाऊक आहे ना? दोन दिवस पाणी तोडून, उन्हात स्वेटर घालून पळून. काट्यावर उभी राहतात तेव्हा ओठ फाटलेले असतात. आपला पोरगा मुळातच हलका. तो पोटभर जेवून मैदानात उतरायचा. उपाशी पोरांना पकडणं सोपं असतं.

हे ऐकून मी चरकलो. वजनी गटाचे सामने कोकणात आणि घाटावर वर्षानुवर्षं चालतात, आणि त्यांत चमकलेल्या पोराचं कौतुक करताना समोरचा किती सुकून आलाय याचा हिशेब कुणी मांडत नाही. मामांचा हा मुद्दा पोराच्या उंचीपेक्षा कितीतरी वजनदार होता. भाचीलाही तो खोडता आला नाही. तिनं वाट बदलली.

भाची : बरं, ते सामने सोड. डेरवणच्या संकुलात मॅटवर तो खुल्या वयातल्या पोरांशी सरावाला खेळला, ते मी चित्रित केलंय. तेवढंच धर. मी पकड किती झाल्या हे मोजतच नाही. पकड सुरू झाली तेव्हा चढाईपटूचा पाय कुठे होता, ते मोजते.

मामा : म्हणजे?

भाची : मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा त्याच्या पुढे एक मीटर. पावणेपाच. आता सहा फुटी चढाईपटूचा घोटा धरला आणि तो आडवा पडून हात ताणत मध्यरेषेकडे झेपावला, तर घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत त्याचा पल्ला साधारण सव्वादोन मीटर. बोनस रेषेवर धरलास तर त्याला अजून अडीच मीटर स्वतःला ओढत न्यावं लागतं. निदान रेषेवर धरलास तर दीडच. मधल्या त्या एका मीटरमध्ये शेजारचा कव्हर येऊन पडतो की नाही, यावर पकड ठरते. मोठ्या अंगाचा कोपरा निदान रेषेजवळसुद्धा एकट्यानं थांबवेल. हा नाही थांबवणार. पण हा तिथे हात घालतच नाही! मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक वेळी तो थांबलाय. चढाईपटूचा मागचा पाय बोनससाठी उचलला जातो, सगळा भार पुढच्या पायावर येतो, तेव्हाच हा खाली जातो. आपलं वजन किती आहे हे त्याला कळतं, मामा. ७५ किलोंच्या किती पोरांना ते कळतं?

मामा : हं.

(हा 'हं' कौतुकाचा नव्हता. जुने कोपरारक्षक समोरच्याला आत येऊ देतात, आणि मामा तेच करत होते.)

मामा : बोनस कधी मिळतो?

भाची : समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना.

मामा : आणि पाच उरले की?

भाची गप्प.

मामा : पाच उरले की बोनस बंद. मग चढाईपटू तुझ्या त्या पावणेपाच मीटरवर झक मारायला येईल? निदान रेषा ओलांडली की त्याची चढाई वैध. तिथे घुटमळेल, वेळ काढेल, जाईल. आणि तीन उरले की अव्वल पकडीचा जादा गुण समोर लटकत असतो आणि संघाला कोपऱ्याची खरी गरज तेव्हाच पडते. नेमकं तेव्हाच ह्याचं हत्यार म्यान. सात जण उभे असताना कोपरा कुणीही खेळेल. तीन जणांत कोण खेळतो, ते मला दाखव.

इथे मामांनी पकड पूर्ण केली होती असं माझं मत. कबड्डीवर लिहिणारे आम्ही लोक अव्वल पकड म्हणजे शौर्य समजून मोकळे होतो. बचाव कमी होत जातो तशी मैदानाची खोलीच बदलते, आणि त्यामुळे एका जातीचा बचावपटू अचानक निकामी ठरू शकतो, हे लक्षात यायला मामांसारखा आयुष्य कोपऱ्यात काढलेला माणूस लागतो. भाचीचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते अर्धंच होतं.

भाची : तिथे तुझं बरंचसं खरं. पण दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण घ्यावाच लागतो. तेव्हा त्याला आत यावंच लागतं, बोनस असो नसो.

मामा : येईल. पण पाय घालायला नाही, हात लावायला येईल. धावत येऊन हात मारून जाईल. आणि ह्याचा घोट्याकडे जाणारा हात त्या वेळी हवेत.

भाची : धर्मराज चेरलाथन आठवतो? चाळिशी उलटल्यावर घोटे धरत होता. २०१६ ला पाटण्याचा कर्णधार म्हणून प्रो कबड्डी जिंकला. ताकद त्या वयात वाढलेली नव्हती त्याची.

मामा : अण्णाचं नाव घेतलंस तर कान पकडतो. पण अण्णाच्या मागे वीस-पंचवीस वर्षांची कबड्डी होती. चढाईपटूचा खांदा कुठे वळतो, यावरून पाय कुठे पडणार ते त्याला आधी कळायचं. अठराव्या वर्षी ते कुठून आणशील? आणि जकार्ता विसरलीस? १९९० पासून ओळीनं सात आशियाई सुवर्णपदकं आपली, आणि २०१८ ला इराणनं उपांत्य फेरीत २७-१८ नं घरी पाठवलं. आपला गिरीश इरनाक होता त्या संघात, रिशांक देवाडिगा होता. काय केलं इराण्यांनी? कुस्तीगीरांसारखे अंगावर आले.

भाची : अंगावर आले, पण एकेकटे आले का? ती फीत मी किती वेळा बघितली असेल. एकानं धरलं की दुसरा निमिषात पोचत होता. तू ताकद बघतोस, मला पोचणं दिसतं.

मग तिनं जे काढलं त्याची मला अपेक्षा नव्हती. बर्फावरची हॉकी! सावर्ड्यात मे महिन्यात बर्फ म्हटलं की कोकम सरबतात पडतो तेवढाच. पण ऐकण्यासारखं होतं. उत्तर अमेरिकेत त्या खेळाची मोठी लीग आहे. तिथे तरुण पोरांचा लिलाव होत नाही, संघ ठरलेल्या क्रमानं एकेक नाव उचलतात. २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघानं सगळ्यांत पहिलं नाव उचललं ते एका धिप्पाड स्लोव्हाक आघाडीपटूचं. त्याच संघानं बासष्टाव्या क्रमांकावर लेन हटसन नावाचा बचावपटू घेतला. तोवर बहुतेक संघांनी त्याला सोडून दिलं होतं, मॉन्ट्रियलनं स्वतःही. कारण उंची ५ फूट ९ इंचांच्या आसपास, आणि त्या लीगमधला बचावपटू सहा फुटांच्या वर असायचा हा रिवाज. २०२५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा किताब या हटसननं नेला.

मामा : एक उदाहरण. आणि पाच-नऊ! आपल्याकडे पाच-नऊ असता तर ही चर्चा झाली नसती.

भाची : पुढे ऐक. तो निवडीआधीच्या तपासणीला डॉक्टरांचं पत्र घेऊन गेला होता. हाडांची वाढ उशिरा होतेय, अजून उंची वाढेल, असं सांगणारं.

मामा : आपल्याकडे उलटं. क्रिकेटवाले पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढतात तो वय चोरलंय का हे बघायला.

भाची : यंत्र तेच, मामा. आपण ते पोराला पकडायला वापरतो. एखाद्याला थोडं थांबा म्हणायलाही वापरता येईल की. ह्याचा बाप केवढा उंच आहे बघितलंयस? आई?

मामा : बाप पाच-आठ. आईकडचे सगळे बुटके. आणि समज वाढला दोन इंच. दोन इंचांनी काय होतं?

भाची : मग तूच म्हणालास, आधी वजन. वजन तर वाढतं ना?

मामा : वाढतं. कसं वाढतं ते त्याच्या घरी जाऊन बघ. सकाळी भाकरी, दुपारी भात-आमटी, मासळी असेल त्या दिवशी चंगळ. आठ किलो अंग चढवायचं तर रोज सहा अंडी, दूध, आणि वर्षभर कुणीतरी मागे उभं राहून वजनं उचलून घ्यायला हवं. तुमचा संघ हे करणार असेल तर लिहून दे. मग मी आज म्हणतो, ने.

संघ काय करतील याची हमी भाचीकडे नव्हती, आणि ती प्रामाणिक असल्यामुळे तिनं दिली नाही. वादाचा खरा रोख मला इथे कळला. पोरगा खेळू शकेल की नाही याबद्दल दोघांचं फारसं दुमत नव्हतंच. चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडणार, हा मामांचा प्रश्न होता.

मामा : समज घेतलं. दोन हंगाम बाकावर बसवलं, एखादा सामना दिला, खांदा निखळला, सोडून दिलं. वय झालं वीस-एकवीस. कॉलेज सुटलेलं. आमच्या वेळी कबड्डीतून काय मिळायचं? नोकरी. रेल्वे, बँका, पोर्ट ट्रस्ट, पोलीस. लालबाग-परळच्या मंडळांत गिरणी कामगारांची पोरं खेळायची, त्यांतली निम्मी आपल्याच बाजूची. खेळ संपला तरी पगार सुरू. गुडघा गेला माझा, पण पेन्शन आली. ह्याला तुम्ही काय देणार, जर्सी?

भाची : आणि थांबवलंस तर? एक वर्ष म्हणता म्हणता तीन होतात. नव्या पोरांच्या दाराला वयाची चौकट आहे. तेविसाव्या वर्षी ७० किलोंचा होऊन उभा राहील आणि म्हणतील, उशीर झाला. आम्हा पोरींना तर दारच नव्हतं, मामा. २०१६ ला तीन संघांची स्पर्धा भरवली पुरुषांच्या लीगबरोबर, आणि पुढल्या वर्षी तीही नाही. मी तेव्हा डावा कोपरा खेळत होते. थांबणं म्हणजे काय ते मला नको सांगू.

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी चहा सांगितला.

मला विचाराल तर (कुणी विचारलं नव्हतं) दोघांनीही एका गोष्टीकडे उशिरा बघितलं. निवड चाचणी ही मुळात चढाईपटूसाठी बेतलेली असते. त्याला मोकळं मैदान मिळतं, तो एकटा जातो, जे येतं ते दाखवतो. बचावपटूला मात्र अनोळखी सहा जणांत उभं करतात. डाव्या हाताला कोण आहे, तो कधी झेपावतो, थांबतो की घाई करतो, काही ठाऊक नाही. धडधाकट कोपरा तिथेही एखादा चढाईपटू अंगाच्या जोरावर आडवा करतो आणि नाव लिहून घेतलं जातं. लहान कोपऱ्याची पकड मात्र जोडीदाराशिवाय पुरी होतच नाही. त्यानं अचूक घोटा धरला आणि कव्हर अर्धा सेकंद उशिरा पोचला, तर कागदावर चूक कोपऱ्याच्या नावावर पडते. दिवसभरात शेकडो पोरं बघायची असतात, तेव्हा निवडणाऱ्याला खात्रीनं मोजता येतात त्या दोनच गोष्टी, उंची आणि वजन. त्यात त्याचाही फार दोष नाही.

हे मी बोलून दाखवलं. भाचीनं माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे.

भाची : थांबा. ह्याच्या शेजारी कव्हरला तो कोण असतो? लांब हातांचा?

मामा : तो? तो आगव्याच्या बाजूचा. पाच-दहा, बहात्तर किलो. दिसायला सुस्त. कुणाच्या नजरेत भरत नाही.

भाची : ह्या पोराच्या जितक्या पकडी पुऱ्या झाल्यात त्यांतल्या बहुतेकांत दुसरा तोच आहे. मी त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नाही!

मामा : लिहिणार कशी? तो मागून येतो. पहिला हात लावणाऱ्याचा गुण. आमच्या वेळीही तसंच. माझ्या पकडी ज्याच्या जिवावर झाल्या तो कव्हर आज कुणाला आठवतो?

भाची : यू मुम्बाचे नाडा आणि मोहित छिल्लर आठव. दोन कोपरे, कायम एकत्र. पुढे हरियाणाकडूनही एकत्रच खेळले. परवेश भैंसवाल आणि सुनील गुजरातला कव्हरला असायचे. जोडी म्हणून नाव झालं त्यांचं.

मामा : नाव झाल्यावर जोडी म्हणून घेतात. नवखे असताना कोण दोघांना एकदम घेतो?

भाची : कुणी घेत नाही, म्हणूनच स्वस्तात मिळतील.

मामा पहिल्यांदा हसले. पण सोडलं नाही त्यांनी.

मामा : आणि तीन जण उरल्यावर काय, ते अजून तू सांगितलेलं नाहीस.

भाची : तिघांत हे दोघं असले तर काय होतं, तेच बघायचंय मला. तू सरावाला तसं खेळव. सात जणांचा खेळ नकोच. तीन बचावात, समोर सत्तर-पंच्याहत्तर किलोंचे चार-पाच चढाईपटू आलटून पालटून. बोनस नाही. मी चित्रित करते. घोटा मिळत नाही तेव्हा हा काय करतो? मांडीला जातो, की साखळीत हात देऊन दुसऱ्याला पुढे सोडतो? तेवढं दिसलं तर मी दोन्ही नावं धाडते. नाही दिसलं तर तू जिंकलास.

मामा : मोठे चढाईपटू कुठून आणू? सावर्ड्यात पंच्याहत्तर किलोंची पोरं आहेत ती मुंबईला.

भाची : चिपळूणहून बोलाव. शुभम शिंदे तिथलाच ना? उजवाच कोपरा. २०२४ ला पाटण्याचं कर्णधारपद होतं त्याच्याकडे, संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे चढाईपटू नाहीत असं सांगू नको.

मामा : त्यानं उजव्या कोपऱ्यात नाव काढलं म्हणून गावोगावच्या पोरांना आता कोपराच खेळायचाय. चढाईपटूंचा दुष्काळ त्याच्यामुळेच पडलाय! (हे अर्थातच मामांचं खास मत. बाकीच्या तालुक्याला विचारून घ्यावं.)

भाची : मग बोलावतोस की नाही?

मामा : बोलावतो. पण एक अट. धाडायचं झालं तर तुमच्या संघाकडून लेखी घे, दोघांची कॉलेजची फी आणि खुराक वर्षभर ते बघणार. ते नसेल तर मी पोराला आधी एखाद्या कंपनीच्या संघात टाकणार. मग तुझा संघ येवो नाहीतर देव येवो.

भाची : खुराकाचं विचारते. फीचं अवघड आहे.

मामा : अवघड तेच आधी विचार. आणि बघ, त्या कव्हरच्या पोराची बारावीची फेरपरीक्षा आहे. तारीख बघून सराव लाव, नाहीतर त्याची आई माझ्या दारात येईल.